बंपर बसला

फाटकाच्या खांबावर आदळून मोटारीचा पुढचा बंपर फुटला, तेव्हापासून मी स्टीअरिंगला हात लावला नव्हता. करमाडच्या शाळेत शिकवायला पुन्हा बसनेच जायचे आणि गाडी विकायची, असे ठरले होते. त्याआधी नवा बंपर बसवायला गुलमंडीकडचे एक वृद्ध मिस्त्री घरी आले. त्यांच्या हातांना ग्रीसचा आणि मोगऱ्याच्या अत्तराचा एकत्र वास होता. प्रत्येक खाच अडकताना ते कान जवळ नेऊन ‘टक्’ ऐकत. एक कोपरा बसेना, तेव्हा त्यांनी अख्खा बंपर तिसऱ्यांदा उतरवला.

“ठोका ना,” मी म्हणाले.

“ना बाई. ठोकलेलं लई दिवस टिकत नाय.”

अखेर ‘टक्’ झाले.

“बंपर बसला. आता तुम्ही बसा.”

“मला नाही जमणार. विकायचीच आहे.”

“विका की! पण खांबाला भिऊन विकू नका.”

एवढे बोलून ते त्याच खांबापुढे, माझ्याकडे पाठ करून, हात पुसत उभे राहिले. मी गाडीत बसून किल्ली फिरवली. गाडी त्यांच्या सदऱ्याजवळून फाटकाबाहेर सरकली, तरी त्यांनी वळून पाहिले नाही.

सोमवारी मी करमाडला गाडीनेच गेले.