विटेवर घासलेले हात

"हात बघू," ठेकेदार म्हणाला.

मी दोन्ही तळहात पुढे केले. त्याने माझी बोटं धरून हात आपल्याकडे ओढला, अंगठ्याने तळवा दाबला, बोटांच्या मुळाशी घट्टे आहेत का ते चाचपलं आणि हात सोडून दिला. माझ्या तोंडाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. लहानपणी मी वडिलांबरोबर आटपाडीच्या बाजारात मेंढ्या घेऊन जायची. गिऱ्हाईक मेंढीच्या पाठीवर असाच अंगठा दाबून बघायचं, अंगावर मांस किती आहे ते. मेंढी निदान अंग चोरायची. मी तशीच उभी राहिले.

गेल्या वर्षीचा आषाढ. सांगलीत स्टँडच्या पुढच्या चौकात आमचा अड्डा भरतो. अड्डा म्हणजे रोजाने काम करणारी माणसं उभी राहतात ती जागा. सकाळी सातला डबा घेऊन यायचं आणि कुणीतरी घेऊन जाईल म्हणून वाट बघायची. दिवाळीनंतर तिथे आठ वाजले की चिटपाखरू नसतं, सगळे कामाला गेलेले असतात. आषाढात दुपारी बारालाही चौक गच्च असतो. पावसात कुणी स्लॅब टाकत नाही. पाया खणला तर पाण्याने भरतो. आणि नेमकी त्याच वेळी आमच्या आटपाडी-जतकडची माणसं सांगलीला जास्त येतात, कारण तिकडे पाऊस नसतो, रानात काही काम नसतं. इकडे पाऊस आहे म्हणून काम नाही, तिकडे पाऊस नाही म्हणून काम नाही. आम्ही मधे, खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन उभे.

वाळूची, खडीची पाटी उचलून तळहाताला घट्टे पडतात. महिनाभर काम नसलं की ते मऊ पडतात, पाण्याने त्यांची सालं निघतात. ठेकेदार तेच बघतात. मऊ हात म्हणजे बाई बसून आहे, कामाला टिकायची नाही. हे त्यांचं शास्त्र. म्हणून आम्ही बायका एक उद्योग करायचो. खंगर विटेचा, म्हणजे भट्टीत जास्त भाजून काळ्या पडलेल्या विटेचा तुकडा घ्यायचा आणि तळहातावर घासायचा. कातडी लाल होईपर्यंत घासायचा. मग त्यावर सिमेंटचं पाणी लावायचं. दुसऱ्या दिवशी हात खरबरीत लागतो. रात्रभर आग होते ती वेगळी.

हे मला शालनआक्कानं शिकवलं. आक्का आमच्या शेजारच्या गावची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. माझा नवरा वारल्यावर दोन मुली सासूजवळ ठेवून मी सांगलीला आले ती तिच्याच मागोमाग. डोक्यावर चुंबळ कशी बसवायची, पाटी उचलताना कमरेऐवजी गुडघ्यात कसं वाकायचं, कुठल्या ठेकेदाराच्या गाडीत पुढे बसायचं नाही, सगळं तिनं शिकवलं. मी नववीपर्यंत शिकलेली. ती अंगठा उठवणारी. पण अड्ड्यावर मी तिची विद्यार्थिनी होते.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी आमच्या खोलीच्या पायरीवर बसून हात घासत होतो. तुकडा एकच होता. आक्काने दगडावर आपटून त्याचे दोन केले आणि मोठा मला दिला.

त्या सकाळी आलेला ठेकेदार कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरातला. पायात पांढरे बूट, पावसातही चकचकीत. मिरजेला एका डॉक्टरांच्या दवाखान्याची नवी इमारत होत होती. सांगाडा उभा राहिला होता, आतल्या गिलाव्याचं आणि फरशीचं काम राहिलं होतं. आत छपराखालचं काम. पावसाने थांबणार नाही, थेट दिवाळीपर्यंत पुरणारं. आषाढात असं काम म्हणजे लॉटरी. त्याला गवंडी हवे होते आणि हाताखाली एक बाई. एकच.

आम्ही पंधरा-वीस जणींनी हात पुढे केले. तो रांगेतून दाबत, सोडत गेला. माझा हात सोडला, आक्काचा धरला, पुन्हा माझा बघितला, आणि आक्काला म्हणाला, चल गाडीत बस.

मला मुलींची तोंडं दिसली. सासूचं दिसलं. महिन्याभरात मी गावाला काहीच पाठवलं नव्हतं. हे मी आज सांगते आहे ते स्वतःला सोडवण्यासाठी नाही. रांगेतल्या प्रत्येकीच्या मागे अशी तोंडं होती. बाकीच्या गप्प उभ्या राहिल्या. मी बोलले.

"मालक, तिनं काल हाताला वीट घासलीया."

तो थांबला. आक्काचा हात पुन्हा धरला. गाडीतून पाण्याची बाटली मागवली, तिच्या तळव्यावर पाणी ओतलं आणि आपल्या रुमालाने खसाखसा पुसलं. भेगांतला काळपट लाल मळ रुमालावर आला. त्याने रुमाल वर धरून चौकाला दाखवला.

"हे बघा. बाई मेकप करून आल्यात."

चौक हसला. कामाविना उभी असलेली दोनशे माणसं हसली. गवंडी हसले, पोती पांघरलेल्या बाया हसल्या. मीही हसले. हे लिहिताना माझे कान तापलेत, पण खोटं कशाला लिहू. मी हसले.

माझा हात त्याने धुवून बघितला नाही. धुतला असता तर माझ्याही भेगांतून तीच वीट निघाली असती. आक्काला ते ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. हिचाबी धुऊन बघा, एवढं तिनं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तिनं पदराला हात पुसला, डबा काखेत मारला आणि मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

ठेकेदार मला म्हणाला, तू खरं बोललीस, तू चल. मी गेले.

दिवाळीपर्यंत मी त्या इमारतीत होते. अंग कोरडं राहिलं, गावाला पैसे गेले. पण तिथे माझं जे काही झालं त्याला काम म्हणता येणार नाही. दवाखान्याचे मालक पाहुणे घेऊन इमारत दाखवायला आले की ठेकेदार मला हाक मारायचा. पाटी खाली ठेवायला लावायचा आणि विटेची गोष्ट सांगायचा. ह्या बायका कसल्या बेरकी असतात, आणि ही कशी प्रामाणिक. मग म्हणायचा, दाखव गं हात. मी पाहुण्यांना हात दाखवायची. एकदा एका पाहुणीने पर्समधून कसलंसं मलम काढून लांबूनच माझ्या हातावर टाकलं. बोट लागू नये म्हणून लांबून. सगळे हसले, मीही हसले. मला आता हसायची सवय झाली होती.

पुढे पुढे तो मला बाजूला घेऊन विचारायला लागला, कोण विडी प्यायला किती वेळ जातं, कोण दुसरं काम शोधतंय. मी सांगायची. माझ्या बोलण्यावरून दोघांना काढलं. जेवणाच्या सुट्टीत मी येताना दिसले की गवंड्यांचं बोलणं बंद पडायचं. मी जिन्याखाली एकटी बसून भाकरी खायची. आक्का तोपर्यंत अड्डा सोडून गावाला निघून गेली होती. खोलीत तिची चुंबळ तेवढी राहिली होती. मी ती खुंटीवरून काढलीही नाही, वापरलीही नाही.

मग होळी झाली आणि वारं फिरलं. दरवर्षीच फिरतं. चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू होतात, लगीनसराई असते, विजापूरकडची माणसं आपल्या गावाला जातात, उत्तरेकडची पोरं सणाला गेलेली असतात ती वेळेवर परतत नाहीत. आणि इकडे ज्याला त्याला पावसाच्या आधी स्लॅब टाकून घ्यायचा असतो. अड्ड्यावर माणूस सापडत नाही. ठेकेदार वस्त्यांतून फिरायला लागतात.

एक दिवस पांढरे बूट आमच्या बोळात आले. गाडी बोळात शिरेना म्हणून तो गटार ओलांडत चालत आला होता. दारात उभा राहून मला ताई म्हणाला. आषाढातली ए बाई वैशाखात ताई झाली होती. बसायला जागा नव्हती तर पायरीवर बसला. त्याच पायरीवर. परवा स्लॅब आहे, आभाळ भरून यायला लागलंय, मशीन सांगून ठेवलंय आणि पाटीला माणूस नाही, असं सगळं सांगून म्हणाला, जेवढ्या मिळतील तेवढ्या बाया घेऊन ये. ती तुझी वीटवालीसुद्धा चालंल.

मी विचारलं, "हात बघणार न्हाईसा?"

तो कपाळावरचा घाम पुसत होता. बहुतेक तोच रुमाल असावा.

"आता कुणाचं हात बघत बसू, ताई? माणूस मिळना झालंय."

एवढंच बोलला तो. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र दाराची चौकट धरून उभी राहिले. स्लॅबचं काम सगळ्यात अवघड. उन्हात दिवसभर पाटी खालून वर, हातातून हातात, एक क्षण थांबता येत नाही. घट्टे पडलेले हात लागतात ते तिथे. आणि तिथे तो हात बघणार नव्हता. आषाढात, छपराखालच्या हलक्या कामाला, त्याने वीस जणींचे तळवे दाबून बघितले होते. म्हणजे हाताचा आणि कामाचा कधी संबंधच नव्हता. वीस बायका होत्या आणि काम एकीला होतं. एकोणीस जणींना हाकलायला काहीतरी निमित्त लागतं, तसे हात होते. तिथे नाक बघितलं असतं तरी चाललं असतं. आम्ही नाकही घासलं असतं विटेवर. आणि मी अशा निमित्तासाठी आक्काला चौकात उघडी पाडली होती.

मी त्याला येत नाही म्हणून सांगितलं. तो दोन घरं पुढे गेला. त्या नकाराचा मला काही अभिमान नाही. वैशाखात नाही म्हणायला काय लागतं? त्याच दिवशी दुसऱ्या दोघांनी बोलावलं, त्यातल्या एकाकडे मी गेले.

पुढच्या आठवड्यात एसटी धरून मी आक्काच्या गावाला गेले. ती दारात शेळीला पाला टाकत होती. मला बघून तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चुकले म्हणाले, रडले. ती पाला टाकतच राहिली.

मी विचारलं, माझाबी हात धुवा असं का म्हणाली नाहीस.

"म्हनलं आसतं तर दोगीबी गेलो आसतो," ती म्हणाली. "एकीच्या तरी घरात चूल पेटंल म्हनलं."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं पाय मागे घेतले.

"माफी मागू नगंस. त्यानं माझं काय भागतंय? आषाढात पुना रांगंत हुबी ऱ्हाशील, तवा काय करशील त्ये सांग."

परतीच्या गाडीत सांगली येईपर्यंत मी तळहात मांडीखाली दाबून बसले होते.

यंदा आषाढ लागून दोन आठवडे झाले. अड्डा पुन्हा गच्च आहे. सोमवारी पांढरे बूट आले. आतल्या फरशीचं काम, बाया दोन. रांगेतून दाबत, सोडत माझ्यापुढे आला. ओळख दाखवली नाही. ताई तर नाहीच.

"हात बघू."

माझे हात पदराखाली होते. खरं सांगायचं तर हात आपोआप पुढे यायला बघत होते. मी मुठी आवळल्या.

"हात दावणार न्हाई. काम द्या आन् काम बगा."

तो म्हणाला, मग बस घरात. आणि पुढे गेला. शेजारच्या दोघींनी हात पुढे केले, त्यांना नेलं. मी त्यांना नावं ठेवत नाही, माझी ती लायकी नाही. मंगळवारी तसंच झालं. बुधवारीही. चौक हसला. मी या खेपेला हसले नाही.

गुरुवारी आक्का दिसली. आटपाडीकडे अजून पाऊस नाही. ती माझ्यापासून चार बायका सोडून उभी होती, माझ्याकडे बघितलं नाही. ठेकेदार तिच्यापुढे गेला, हात बघू म्हणाला. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तोही बघत राहिला. मग पुढे गेला. त्या दिवशी आम्हा दोघींनाही काम मिळालं नाही. बारा वाजता ती एका बाजूने गेली, मी दुसऱ्या बाजूने. ती अजून माझ्याशी बोलत नाही, आणि तिनं का बोलावं?

तो खंगर विटेचा तुकडा अजून माझ्या दारात पडून आहे. त्याने मी टाचा घासते. डब्यात आज भाकरी होती, पुढे किती दिवस असेल सांगता येत नाही. माझे हात मऊ पडलेत, सालं निघायला लागलीत. उद्या सातला मी हे असेच हात घेऊन अड्ड्यावर उभी राहणार आहे, आणि ते कुणालाही दाखवणार नाही.