ते गेले

नव्वदच्या दशकात मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टेलिफोन बोर्डावर होते. बाहेरच्या दोनच लाइनी होत्या, त्यामुळे बोलणं थोडक्यात आटपायचं अशी ताकीद होती. इंग्रजी मला शाळेत शिकले तेवढंच येत होतं. लीव्ह म्हणजे सोडणं, निघणं. लेफ्ट हे त्याचं भूतकाळी रूप.

एका जुलैत दुपारी साडेतीनच्या सुमारास घोटीजवळच्या खेड्यातून फोन आला. किराणा दुकानातून एक म्हातारे गृहस्थ बोलत होते. त्यांचा मुलगा आमच्या प्लेटिंग खात्यात, म्हणजे धातूवर मुलामा चढवतात तिथे, कामाला होता, इंदिरानगरला खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला गावी जायचा. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली होती. तो कधी येतो, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी खात्यात चौकशी केली. तिथले सुपरवायझर नवीन होते, त्यांना मराठी येत नव्हतं. नाव ऐकून ते म्हणाले, "ही हॅज लेफ्ट."

पहिली पाळी नुकतीच सुटली होती. घरी गेला असेल असं मी धरून चालले आणि म्हाताऱ्यांना सांगितलं, "ते गेले."

त्यांनी विचारलं, "कधी?"

"आत्ताच. अर्धा तास झाला."

फोन बंद झाला. पावसाळ्यात तिकडच्या लाइनी नेहमीच तुटायच्या, म्हणून मी पुढचा फोन घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने मला गेटवर बोलावलं. म्हातारे उभे होते, सोबत त्यांची सून. ओढ्याला पाणी आल्यामुळे रात्री त्यांना निघता आलं नव्हतं. सुनेच्या कपाळावर कुंकू नव्हतं. म्हाताऱ्यांनी अगदी हळू विचारलं, "बाई, त्याला ठेवलाय कुठं?"

काय झालं ते मला तेव्हा कळलं. मी लगेच म्हटलं की तो जिवंत आहे, काल घरी गेला एवढंच मी सांगितलं होतं. खात्री करायला सुपरवायझरकडे गेले. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. तो काल घरी गेलेला नव्हता. महिन्यापूर्वीच नोकरी सोडून गेला होता. माझं दुसऱ्यांदा चुकलं होतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्याच्या अर्जावरचा पत्ता घेतला आणि दोघांना रिक्षात बसवून इंदिरानगरला नेलं. तो जिवंत आहे असं मी म्हणाले होते, पण माझ्या शब्दावर त्यांनी आता का विश्वास ठेवावा?

खोली गच्चीवर होती. तो बादलीत कपडे भिजवत होता. बापाला बघून उठला. म्हातारे तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. बायको पुढे गेली, तिने त्याचं ओलं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

मग सगळं बाहेर आलं. प्लेटिंगच्या टाक्यांच्या वाफेने त्याची छाती भरून यायची, खोकला थांबत नव्हता. डॉक्टरांनी ते काम सोडायला सांगितलं होतं. लग्न याच नोकरीवर जमलं होतं, म्हणून घरी सांगायची त्याची हिंमत झाली नाही. दुसरं काम लागल्यावर सांगणार होता. तोवर भाजी मार्केटमध्ये हमाली करत होता.

बायको म्हणाली, "दोनदा घरी येऊन गेलात. जेवलात, झोपलात. मला एका शब्दानं बोलला नाहीत."

म्हातारे म्हणाले, "नोकरीचं राहू दे. सामान बांध."

मग त्यांना गावाची आठवण झाली. तिथे भाऊबंद जमले होते, सरण रचायची तयारी झाली होती. त्यांनी दुकानाचा नंबर असलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर उभी राहून मी आधी वाक्यं मनात जुळवली. मग दुकानदाराला सांगितलं की मुलगा जिवंत आहे, बरा आहे, त्याने कारखान्यातलं काम सोडलंय आणि तिघंही दुपारच्या गाडीने घरी येतायत.

दुकानदाराने विचारलं, "मग गेलं कोण?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "माझ्याकडून चुकीचं सांगितलं गेलं. माफ करा."

त्याने रिसीव्हर बाजूला ठेवून बाहेर हाक मारली. तिकडून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. तो आवाज थांबेपर्यंत मी फोन कानाला धरून उभी राहिले.