आजव्याला, ट्रेलरखाली
ग्रीसचा वास आला की आजव्याच्या तळ्याकाठची ती सकाळ आठवते. बडोद्याहून आम्ही भांडतच निघालो होतो. बायको अबोला धरून, गाडीमागे ओढत आणलेल्या आमच्या राहायच्या ट्रेलरमध्ये आवराआवर करत होती आणि मी खाली पालथा पडून, ट्रेलर सपाट बसावा म्हणून विटा सरकवत होतो. एवढ्यात भुसभुशीत मातीत जॅक खचला आणि माझा हात वीट आणि ट्रेलरच्या लोखंडाच्या मध्ये अडकला. “हलू नकोस!” मी ओरडलो. वर तिला ऐकू गेलं की नाही ते कळेना. ट्रेलर आणखी बोटभर खचला असता तर हात चिरडला असता. शेजारच्या तंबूतले काका धावत आले. “गभराशो नहीं, भाई,” म्हणत त्यांनी दुसरा जॅक लावला. हात सुटल्यावर आत गेलो, तर ती फळीला धरून एका पायावर उभी, दुसरा पाय उचललेला तसाच. “आता टेकवू?” तिनं विचारलं. भांडण कशावरून झालं होतं, ते मात्र आज काही केल्या आठवत नाही.