सह्यांचे दिवस

"बाई, हा तुमचा पाहुणा नुसता भातच खाते. पोळीले हात नाही लावत."

भांडी घासणारी बाई मोरीतून आईला सांगत होती. मी पलीकडच्या खोलीत बी. ए.च्या परीक्षेचं पुस्तक उघडून बसले होते आणि पान उलटायचं विसरले होते.

"हळू बोल वं," आई म्हणाली. "पाहुणाबिहुणा कोणी नाही आपल्याकडे. समजलं?"

"मंग एवढा भात कोन खाऊन राहिला?"

आई म्हणाली, "मी खाते."

"तुमी?" बाई हसायला लागली. "असंच खात राहा बाई, अंगाले लागंल."

पाहुणा होता. धरमपेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत, खिडक्या लावून, बाबांनी त्याला लपवून ठेवलं होतं. बाबा एका सरकारी खात्यात अधिकारी होते आणि खात्याच्या फुटबॉल संघाचे सेक्रेटरीही. तो त्या संघात डाव्या कडेने खेळायचा. हजेरीपटावर कारकून होता, पण फायलीशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याला नोकरी पायांमुळे मिळाली होती आणि पाय चालतील तोवरच ती टिकणार होती, हे तोही जाणून होता.

लपवण्याचं कारण सह्यांचे दिवस. दर उन्हाळ्यात कलकत्त्याला खेळाडूंनी कुठल्या क्लबकडून खेळायचं ते ठरतं आणि त्यासाठी स्वतः तिथे जाऊन सही करावी लागते. त्या दिवसांत क्लबची माणसं गावोगावी हिंडतात. आवडलेला खेळाडू सापडला की त्याला गाडीत बसवतात आणि सही होईपर्यंत कुणाच्या तरी घरी ठेवून घेतात, दुसऱ्या क्लबच्या हाती लागू नये म्हणून. या प्रकाराला तिकडे कोणी वाईट म्हणत नाही, उलट खेळाडू पुढे हौसेने सांगतात, मला अमक्याने नेलं. अशीच दोन माणसं नागपुरात येऊन उतरली होती. मैदानावर कामठीच्या पोरांपाशी त्याची चौकशी करून गेली. हे कळताच बाबांनी त्यांचीच युक्ती त्यांच्यावर उलटवली. "थोडे दिवस आमच्याकडे राहा," बाबा त्याला म्हणाले. "सह्या आटपल्या की मोकळा." तो "जी साहेब" म्हणाला आणि वळकटी घेऊन आला.

बाबांना वाईट म्हणवत नाही मला. मैदानावर बूट फाटलेला एक मुलगा त्यांनी पाहिला होता, त्याला नोकरी दिली होती, त्याच्या आईला निर्वासितांच्या कॅम्पातून आणून राहायला खोली दिली होती. त्याच्याशिवाय संघ काहीच नाही, असं ते जेवताना म्हणायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा व्हायचा.

मी त्याला चहा न्यायची. दर वेळी तो उभा राहायचा, ऑफिसात साहेब आल्यासारखा, आणि "थँक्यू दीदी" म्हणायचा. मी त्याच्यापेक्षा लहान होते. त्या 'दीदी'चा मला राग यायचा आणि राग येतो म्हणून स्वतःचाही. मी कप ठेवून वळायची. कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी आम्हाला प्रश्न विचारल्याशिवाय बोलू नये असं शिकवलं होतं, आणि मी ते जरुरीपेक्षा जास्त शिकले होते.

दुपारी सगळं घर निजलं की भिंतीपलीकडून आवाज यायचा. तो मोजे घालून चेंडू भिंतीशी हलकेच टेकवायचा आणि परत पायावर घ्यायचा. आईची झोप मोडू नये इतका हळू. मी पुस्तकात बोट ठेवून ऐकत बसायची. पायातलं एवढं बळ माणूस किती जपून वापरतो, असं मनात यायचं. मग तो आवाज थांबला की आता काय करत असेल, असं वाटायचं.

एकदा दुपारी वीज गेली. कूलर बंद पडला आणि मागची खोली भट्टीसारखी तापली. मी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायला बादली घेऊन मागे गेले, तर तो उंबऱ्यावर बसला होता. त्याने माझ्या हातातून बादली घेतली. मग पाणी मारून झालं तरी मी तिथेच उभी राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. मी सगळे विचारतात तेच विचारलं.

"तुमचं गाव कुठलं?"

तो हसला. त्याचं मराठी मैदानावर, कामठीच्या आणि नागपूरच्या पोरांकडून शिकलेलं होतं. आमच्या घरात कोणी तसं बोलत नसे.

"कोनतं सांगू? ऑफिसात रायपूर सांगतो. तिथं कॅम्प होता ना आमचा, तंबू होते. त्याच्या आधीचं गाव सांगितलं तर लोक म्हनतात, ते तर आता पाकिस्तान झालं, मंग बांगलादेश झालं. मी म्हनतो, हो जी, झालं."

तिकडे गावात पपनसाचा चेंडू करायचे, तो म्हणाला. हिरवं पपनस चुलीत थोडं भाजलं की नरम होतं. कॅम्पात पपनस कुठलं, मग चिंध्या. कलकत्त्यात एक क्लब आहे, तिकडून आलेल्या लोकांचा. तो क्लब सामना जिंकला की त्या लोकांच्या घरोघरी हिलसा मासा शिजतो. कॅम्पात हिलसा कुठून आणणार? मग त्या दिवशी तलावातला जो मासा मिळेल त्यालाच हिलसा म्हणायचे. त्याची आई काटे काढून द्यायची आणि सांगायची, हिलसाला काटे फार, जपून खा.

"आणि त्या माशाले दोनच काटे असायचे," तो म्हणाला.

मी हसले. मग तो गंभीर झाला. तीच माणसं त्याला न्यायला आली होती, त्याच क्लबची.

"तिथं मैदानाच्या बाजूले हजारो लोक बसतात. आमी कुठले ते त्याईले सांगावं नाही लागत. तोंड उघडलं की समजते. मले एकदा तसं खेळून पाहायचं आहे."

"मग बाबांना सांगत का नाही?"

"साहेबांनी नोकरी देली. आईले खोली देली. मी त्याईले जबान देली, आपल्या पायानं कसा जाऊ?" तो रिकामी बादली पालथी घालत होता. "कोनी येऊन नेलं तर ती गोष्ट अलग. आमच्यात खेळाडू जात नाही, त्याले नेतात."

तो मला काही सुचवत होता असं मला वाटत नाही. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. पण त्या दुपारनंतर त्याने मला दीदी म्हणणं सोडलं. दुसरंही काही म्हणत नव्हता. चहा घेताना नुसता मान हलवायचा, आणि त्या कोऱ्या जागेत मी रात्रंदिवस काय काय भरत राहिले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की मला तो नागपुरात हवा होता. बाकी काही मागण्याची माझी हिंमत नव्हती. रविवारी बाबांकडे यावा, ओट्यावर चपला काढाव्या, आतून मला त्याचा आवाज ऐकू यावा. सह्यांचे दिवस संपत आले होते. आणखी थोडंच गप्प राहिलं की तेवढं मला मिळणार होतं.

पुढे त्याचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. तो काही मोसम त्या क्लबकडून खेळला. मग गुडघा गेला, आणि तिकडेच कुठल्याशा शाळेत तो मुलांना शिकवतो असं ऐकलं. तो गेल्यावर बाबा बरेच दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत. आणि मग पावसाळ्यात एका संध्याकाळी ते रेडिओची सुई फिरवत बसलेले दिसले. खरखरीतून बंगाली बोलणं येत होतं, आम्हाला दोघांनाही न कळणारं. मध्येच त्याचं नाव आलं. बाबांनी आवाज वाढवला. मी दारात उभी होते, त्यांनी मला बसायला खूण केली.

सह्यांचा शेवटचा दिवस गाठायचा तर त्या संध्याकाळची हावडा मेल पकडणं भाग होतं, तो दिवस मला नीट आठवतो. बाबा ऑफिसात होते. आई शेजारी शेवया करायला गेली होती. फाटकाची कडी वाजली. धोतर नेसलेले, वय झालेले एक गृहस्थ उन्हात छत्री धरून उभे होते. धोतराचा काठ धुळीने लाल झाला होता. क्लबच्या त्या दोन माणसांपैकीच हे एक. संघातल्या प्रत्येकाच्या दारी जाऊन ते 'नाही' ऐकून आले असणार, कारण विचारतानाच त्यांनी परत फिरण्यासाठी एक पाय मागे घेतला होता.

"बेटी, वो लड़का इधर है क्या?"

काय सांगायचं ते बाबांनी आम्हाला पढवून ठेवलं होतं. मागच्या खोलीतला चेंडूचा आवाज थांबला. त्याने ऐकलं होतं. तो बाहेर येणार नव्हता, हेही मला कळत होतं. घर इतकं शांत झालं की ताट्यांवरून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं, माझ्याकडून कोणी कधी त्याहून जास्त अपेक्षा केली नव्हती. म्हातारे गृहस्थ छत्री सावरून वळू लागले.

"आहेत," मी म्हणाले. माझा आवाज मला फारच मोठा वाटला. "मागच्या खोलीत आहेत. आत या, आणि त्यांना घेऊन जा."