ओढ्याकाठी पाहिलेलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मंदाला तर नाहीच – आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

तेव्हा आम्ही डिंगोऱ्यात राहायचो. घरात संडास नव्हता. मंदा, माझी बायको, टमरेल घेऊन ओढ्याकडे जायची. पण दिवसातून इतक्यांदा? कांद्याची लागवड अर्धी टाकून, भरल्या ताटावरून उठून? विचारलं की नजर चुकवायची. माझा स्वभाव मुळातच संशयी – दुकानदाराच्या काट्यावरही माझा भरवसा नसायचा. ओढ्यापलीकडे एका तरण्या गड्याची पाण्याची मोटर होती, तो तिथेच घुटमळत असायचा. झालं! डोक्यात किडा वळवळायला लागला.

एका दुपारी मी तिच्या मागे गेलो. हो – स्वतःच्या बायकोवर पाळत ठेवली, घाणेरीच्या जाळीत दडून. ती एकटीच होती. पोट धरून बराच वेळ बसली होती. ती गेल्यावर मी पुढे झालो. माती रक्ताने लाल झाली होती.

पहिल्यांदा मला काय वाटलं, सांगू? हायसं वाटलं. कुणी नव्हतं ना तिथे!

आणि मग गप्प बसलो. रक्ताचं विचारायचं तर मी तिथे काय करत होतो, हेही सांगावं लागलं असतं. पाळी असेल, म्हणालो मनाशी. ती नव्हती, हे मला कळत नव्हतं का? कांदे काढणीला येईपर्यंत ती वाळत गेली आणि मी बघत राहिलो.

काढणीतच ती वावरात कोसळली. जुन्नरच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्या होत्या. सर्जन म्हणाले, आधी आणलं असतं तर औषधांनी बघता आलं असतं. आता आतडं फुटायच्या बेतात आहे, काढावंच लागेल. मी त्यांच्यावरही संशय घेतला – या डॉक्टरांचं आपसात साटंलोटं तर नसेल? सही करायला उशीर लावला. रक्त कधीपासून पडतंय, त्यांनी विचारलं.

"आमाला आजच कळलं," मी म्हणालो.

ऑपरेशनने ती वाचली. पुढे अंग धरलं, भाकरी पचायला लागली. पण शौचाची पिशवी पोटावर कायमची आली.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी तिने माझा हात धरला. रडत होती.

"लई दिवसापासून रगत पडत व्हतं वो. तुमाला सांगायची लाज वाटली. माझंच चुकलं, मला माफ करा."

आणि मी – मी तिला माफ केलं.