मानेवरचा हात

मॅचआधी फिलू टीचर आम्हाला रांगेत उभं करायच्या, प्रत्येकीच्या मानेवर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, "भीती वाटते काय गं?" नाही म्हणाली की ती पोरगी बाकावर. टीचर जाऊन वर्ष झालं, पण मानेवर कुणाचा हात पडला की अजून माझ्या तोंडून "हो टीचर" निघतं.

मरोळच्या गावठाणातल्या या बाई मुलुंडच्या आमच्या शाळेत पीटी शिकवायच्या. आम्ही कबड्डीच्या पोरी. एके दिवशी त्यांनी आमच्यापुढे तो लांबोडका बॉल टाकला. "हा घेऊन पुढे पळायचं, पण पास मागेच द्यायचा. समोरचीला खांद्याखाली धरून पाडायचं आणि पाडली की लगेच सोडायची. झालं रग्बी." साहेबाचा खेळ आपल्याला कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काही देशांत पोरं चालायला लागली की हातात हा बॉल देतात. मॅच असली की अख्खा गाव उभा राहून गातो. तुला घरी काय दिलं? लाटणं. पकड तर तुला येतेच, फक्त डोकं तिच्या पायांच्या मागे ठेव. पुढे गेलं तर वाट लागली."

मला भीती कधी वाटलीच नव्हती. बाक नको म्हणून मी दर वेळी "हो टीचर" असं ठोकून द्यायचे.

पवईच्या मैदानावर एक धिप्पाड पोरगी अंगावर आली आणि मी सवयीने कबड्डीतली घोट्याची पकड मारली. डोकं पुढे गेलं. तिचा गुडघा मानेवर बसला आणि मला माझे हातपाय कुठे आहेत तेच कळेना. टीचर धावत आल्या, चिखलात पालथ्या पडल्या आणि दोन्ही हातांनी माझं डोकं घट्ट धरलं. "हलू नकोस. कोणी हिला हात लावायचा नाही." अँब्युलन्स येईपर्यंत त्या तशाच होत्या.

"टीचर, मी मरणार काय?"

"माहीत नाही गं. मला पण भीती वाटते. तू माझ्याकडे बघ."

बऱ्याच वेळाने उजव्या पायाचा अंगठा हलला.

सहा महिन्यांनी मी पुन्हा रांगेत उभी राहिले. मानेवर हात आला. या वेळी खोटंच नाही म्हणावं आणि बाकावर जाऊन बसावं, असं फार वाटलं.

"भीती वाटते काय गं?"

"खूप वाटते, टीचर."

"मग जा."

हात मात्र त्यांनी उचलला नाही. माझी मान थरथरतेय असं मला वाटत होतं. थरथरत होता तो त्यांचा हात.