शिष्टमंडळापुढे बोलणारी लेते

झालाम्बेसाच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो. गाव इथिओपियाच्या अगदी टोकाला, पलीकडे लगेच एरिट्रिया. त्यामुळे तहाच्या बोलण्यांसाठी कुणी परदेशी साहेब आला की दुभाषा म्हणून गावकचेरीतून मला बोलावणं यायचं. आणि माझ्याही आधी लेतेमिकाएलला, म्हणजे आमच्या लेतेला, आपली हकिगत सांगायला.

लेतेची सगळी हकिगत दहा वाक्यांत सांगून व्हायची. नवरा तेकेस्ते पलीकडच्या सेनाफेचा, ट्रक चालवायचा. वडिलांच्या चाळिसाव्याला, म्हणजे मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला, तो गावी गेला आणि त्याच आठवड्यात सीमेवरच्या बादमेला गोळीबार झाला. मग रस्ता बंद. मग एरिट्रियाचं सैन्य आमच्या गावात शिरलं, आम्ही आदिग्रातला तंबूत. दोन वर्षांनी परतलो तेव्हा एकही भिंत उभी नव्हती. लेतेचं पोट तंबूतच पडलं. परत आल्यावर तिने पत्र्याची खोली उभी केली आणि सुवा विकायला लागली. बार्लीची ती घरगुती दारू तिच्या हातची चांगली व्हायची.

तिकडे अल्जीयर्सला करार झाला. हेगमध्ये आयोगाने नकाशावर रेघ मारली. आमच्याकडे म्हणायला लढाई थांबली होती, पण रस्ता काही उघडला नाही. टेकडीवर त्यांचे सैनिक, अलीकडे आमचे. आणि मधूनमधून पांढऱ्या गाड्यांतून माणसं यायची, आता तोडगा निघतोय म्हणायची आणि विचारायची, लोकांना काय वाटतं?

कचेरीतला अस्मेलाश मग लेतेच्या दारात हजर.

"लेते, चल. पाहुणे आलेत."

"कुठले?"

"तुला काय करायचंय कुठले? धुतलेली नेत्सेला घे खांद्यावर."

"सुवा उतू जाईल रे."

"जाऊ दे. देशाचं काम आहे."

पहिल्या एकदोन वेळा ती बोलताना थांबायची, नेत्सेला शालीचा पदर तोंडाला लावायची. नॉर्वेची की कुठली एक बाई तिच्याबरोबर रडली होती. पुढे पुढे लेते ते पाढ्यासारखं म्हणायला लागली. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं भाषांतर तयार असायचं. एकदा मी तिच्या पुढे एक वाक्य गेलो, तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, तुम्हीच सांगून टाका की. मी आपली बसते."

साहेबाने विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, त्या म्हणतायत त्यांना शांतता हवी आहे.

अशी अठरा वर्षं गेली. तेकेस्तेचा निरोप नाही, फोन नाही. दोन्हीकडच्या तारा तोडलेल्या होत्या. तो आहे की गेला, हे लेतेला कुणी सांगितलं नाही. तिनेही विचारायचं सोडलं. बायका म्हणायच्या, दुसरं लग्न कर. ती म्हणायची, "आता कोण त्या भानगडीत पडतंय?"

मग एका पावसाळ्यात दोन्ही देशांचे नेते टीव्हीवर एकमेकांना मिठी मारताना दिसले. आमचा विश्वास बसला नाही. पण सप्टेंबरात, आमच्या नव्या वर्षाच्या दिवशी, खरंच रस्ता उघडला. ढोल, पिवळी फुलं, पलीकडून बसवर बस. माणसं रस्त्यात गुडघे टेकून माती कपाळाला लावत होती. माझी स्वतःची मावशी मला सापडली आणि मी पोरासारखा रडलो.

लेते रस्त्यावर आली नाही. मी धावत तिच्याकडे गेलो.

"अगं, चल ना! बघ तरी!"

"धूळ फार उडतेय," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

तेकेस्ते आला तो त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी. लोकांनीच त्याला दार दाखवलं. मी तिथे सुवा पीत बसलो होतो. टक्कल पडलेला, खांदे उतरलेला माणूस दारात उभा राहिला. लेतेने वर पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी होईल.

"ये," ती म्हणाली. "बस. जेवलास?"

मी उठायला लागलो तर तिने हातानेच बसा म्हणून खुणावलं. इंजेरा, आमची आंबवलेली भाकरी, वाढली, मग कॉफीचे दाणे भाजायला घेतले. तेकेस्तेने ताट बाजूला सारलं. म्हणाला, "लेते, मी तिकडे लग्न केलं. मुलं आहेत तीन."

"बरं केलंस."

"मला वाटलं, तू त्या तोफांमध्ये..."

"हो. तसंच वाटणार."

"तू कशी राहिलीस?"

तेव्हा लेतेने सांगायला सुरुवात केली. माझा नवरा सेनाफेचा, ट्रक चालवायचा. वडिलांच्या चाळिसाव्याला म्हणून तो गावी गेला. तीच वाक्यं, त्याच क्रमाने, जिथे शिष्टमंडळापुढे थांबायची तिथेच थांबत. मी सवयीने मनात इंग्रजी करत होतो, ते ध्यानात आलं आणि मी पेला खाली ठेवला. पोट पडल्याचं वाक्य आलं तेव्हा तेकेस्तेने तोंड झाकून घेतलं. त्याला ते माहीतच नव्हतं. लेतेने रीतीप्रमाणे तिसरी, शेवटची कॉफी ओतली.

जाताना तो चाचरत म्हणाला, "घरी तेफ हवंय. तिकडे धान्य फार महाग." लेते त्याच्याबरोबर बाजारात गेली, भाव पाडून दिला आणि पोती गाडीत चढवेपर्यंत थांबली.

महिन्याभराने त्याची दुसरी बायको आली, एकटीच. अब्रेहेत नावाची, जाडजूड आणि बोलायला फटकळ. दारातूनच म्हणाली, "तूच का ती? मला वाटलं कोण अप्सरा असेल!"

"आणि मला वाटलं, तू तरुण असशील," लेते म्हणाली.

अब्रेहेत एवढ्या मोठ्याने हसली की रस्त्यावरची माणसं थांबली. "झोपेत तुझं नाव घ्यायचा मेला. पहिली दोन वर्षं मी भांडले. मग म्हटलं, घेऊ दे, मेलेल्या बाईशी काय भांडायचं? आणि तू बसलीस इथे दारू विकत!"

"तुझे गुडघे का सुजलेत?"

"चढावरचं घर आहे त्याचं. पाणी कोण भरतं? तो?"

लेतेने तिला निजवलं आणि तेल गरम करून गुडघे चोळून दिले. त्यानंतर दर शनिवारी अब्रेहेत यायची. तेकेस्ते परत आला नाही. लेतेने त्याची चौकशी केल्याचं मला आठवत नाही. शनिवारी मात्र ती शेगडी जरा लवकर पेटवायची.

नाताळ जवळ आला आणि एका सकाळी पलीकडच्या सैनिकांनी दोरी बांधून रस्ता पुन्हा बंद केला. का, कुणी सांगितलं नाही. आम्ही आपापल्या कामाला लागलो.

काही महिन्यांनी पांढऱ्या गाड्या पुन्हा आल्या. अस्मेलाश लेतेच्या दारात आला.

"चल, पाहुणे आलेत."

"आता काय सांगू?"

"तेच आपलं जुनं. नवरा गेला, रस्ता बंद. नंतरचं नको, उगाच गोंधळ होतो."

ती आली. समोर एक उंच, भला दिसणारा साहेब. मी वही सरसावली. लेते म्हणाली, "माझा नवरा बरा आहे. त्याची बायको माझ्याकडे यायची, अब्रेहेत. तिच्या गुडघ्यांना सूज आहे. साहेब इथून विमानाने पलीकडे जाणार असं ऐकलं. ही तेलाची बाटली तिला पोचवतील का, विचारा."

मी शब्दाला शब्द तसंच सांगितलं. साहेब गोंधळला. शेजारच्या माणसाशी कुजबुजला. मग फार नम्रपणे म्हणाला की त्यांना एका बाजूची वस्तू दुसऱ्या बाजूला नेता येत नाही, तसा नियम आहे, पण लेतेच्या भावना तो नक्की कळवेल.

"काय म्हणतोय?" लेतेने विचारलं.

"नाही नेता येणार म्हणतोय."

"बरं." तिने बाटली पुन्हा नेत्सेलात गुंडाळली. "मग मी जाऊ?"

अस्मेलाश तिच्यावर दोन दिवस धुमसत होता. पुढच्या वेळी त्याने खालच्या आळीतल्या त्सिगेवेनीला बोलावलं. तिचा भाऊ पलीकडे आहे आणि ती बोलताना रडते. पाहुण्यांना ती पटते.

लेते अजून सुवा विकते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की भिंतीला टेकून डोळे मिटते. मी गेलो तर डोळे न उघडताच म्हणते, "मडक्यात आहे मास्तर, घ्या ओतून."